लहान होडीवर स्वयंपाकासाठी गॅसची शेगडी कोणती घ्यावी?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. दाभोळच्या खाडीत आमची २४ फुटी फायबरची होडी आहे. पुढच्या बाजूला तीन माणसे जेमतेम आडवी होतील एवढी बुटकी केबिन, मागे उघडा डेक आणि मधोमध डेकच्या फळ्यांखाली डिझेल इंजिन, अशी तिची रचना आहे. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की मी, धाकटा भाऊ आणि एक मित्र असे तिघे गरीची मासेमारी करायला बाहेर पडतो आणि कधी बाणकोटच्या, तर कधी जयगडच्या बाजूला नांगर टाकून रात्र काढतो. आतापर्यंत घरून डबे नेत होतो, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भात आंबतो आणि पहाटेचा चहा मिळत नाही तो नाहीच.

दुकानात चार प्रकार पाहिले : काचेच्या पृष्ठभागाची दोन बर्नरची शेगडी, एका बर्नरची स्टीलची साधी शेगडी, पेटीत मावणारी आणि डब्यातल्या गॅसवर चालणारी सहलीची शेगडी, आणि छोट्या सिलिंडरच्या डोक्यावरच बर्नर बसवलेला प्रकार. यांपैकी होडीवर सुरक्षित आणि सोयीची कोणती? ज्यांनी पाण्यावर प्रत्यक्ष रांधले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नाखवा हर्णै
काचेची अजिबात घेऊ नका. लाटेवर भरलेला कुकर एकदा उचलून आपटला की काचेचे तुकडे जेवणात आणि पायांखाली होतात. आमच्या मासेमारीच्या बोटींवर साधी दोन बर्नरची शेगडी असते. ती लाकडी चौकटीत पक्की बसवतो आणि चारही बाजूंनी वीतभर उंचीच्या लोखंडी सळ्या लावतो, म्हणजे टोप सरकत नाही. तांडेल आणि खलाशी मिळून सहा-सात माणसांचे दोन वेळचे जेवण तीवर होते. सिलिंडर केबिनच्या मागे उघड्यावर दोराने बांधलेला असतो. यापलीकडे फार विचार करण्याची गरज आम्हाला कधी पडली नाही.

सिलिंडरच्या डोक्यावरच बर्नर असलेला प्रकार मात्र मीही नको म्हणेन. त्यावर टोप ठेवला की सगळे वजन वर जाते आणि होडी जराशी कलली तरी सिलिंडरासकट सारे आडवे होते. सिलिंडर आडवा झाला की वायूऐवजी द्रवच बर्नरकडे येतो आणि ज्योत हातभर उंच उसळते.

मतलई
नाखवांच्या सळ्यांशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु शेगडी निवडण्याच्या आधी गॅस गळला तर जाईल कुठे, हा प्रश्न सोडवावा असे मला वाटते. घरातला एलपीजी हा मुख्यत्वे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट आणि ब्यूटेन सुमारे दुप्पट जड असतो. घरात दार उघडले की तो उंबऱ्यावरून बाहेर वाहून जाऊ शकतो. होडीला उंबऱ्याशी दारच नसते. पाणी आत येऊ नये म्हणून तिचा तळ आणि बाजू बंद केलेल्या असतात, त्यामुळे आत उतरलेल्या जड वायूलाही बाहेर पडायला वाट राहत नाही. तो डेकच्या फळ्यांच्या फटींतून खाली जातो, इंजिनाच्या खणात साचतो आणि तासन् तास तिथेच राहतो.

हवेत या वायूचे प्रमाण साधारण २ टक्क्यांपासून ९ टक्क्यांपर्यंत असले की ठिणगीने स्फोट होतो. वाशिष्ठीकाठ यांची केबिन २ मीटर लांब, १.८ मीटर रुंद आणि १.२ मीटर उंच धरली, तर तिच्यात सुमारे ४.३ घनमीटर हवा मावते. तिचे २ टक्के म्हणजे ८६ लिटर. एक किलो एलपीजीचा वायू झाला की तो साडेचारशे लिटरच्या वर जागा व्यापतो. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर गॅस गळला तरी अख्खी केबिन स्फोटाच्या मर्यादेत येते. सहलीच्या शेगडीच्या एका डब्यात साधारण २२० ग्रॅम गॅस असतो. शिवाय वायू सगळीकडे सारखा मिसळत नाही, तो आधी तळाशी थर धरतो आणि त्या थरातले प्रमाण कितीतरी लवकर मर्यादा गाठते.

नाखवा हर्णै
आपला हिशेब बरोबर असेल, पण दर्यावर वारा थांबतो कुठे? उघड्या बोटीवर गॅस साचायला वेळच मिळत नाही.

आगोट
व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून नोकरी केलेला आणि आता रत्नागिरीजवळ स्थायिक झालेला मनुष्य म्हणून लिहितो. नाखवा, दुपारी वारा असतो, हे खरे. पण खारा वारा संध्याकाळी पडतो आणि मतलई वारा सुटेपर्यंत मधला काळ अगदी निवांत जातो. खाडीत डोंगराच्या आडोशाला नांगर टाकलेला असेल तर पहाटेपर्यंत पानही हलत नाही. नेमक्या याच वेळी तिघे जण केबिनमध्ये झोपलेले असतात आणि उठल्यावर पहिले काम इंजिन चालू करण्याचे असते. स्टार्टर मोटरची ठिणगी, आपोआप चालू होणाऱ्या पाणी उपसण्याच्या पंपाचा स्विच, बॅटरीच्या सैल झालेल्या तारा, हे सगळे जिथे गॅस साचतो त्याच खणात असते.

आमच्या बंदरात एका बोटीवर घडलेले सांगतो. सिलिंडरच्या तोंडातला रबरी वायसर चिरला होता आणि रेग्युलेटर रात्रभर चालूच राहिला होता. सिलिंडर उघड्यावर होता, पण तो ज्या कोपऱ्यात बांधला होता त्याच्या पायाशीच मासळीच्या खणाचे झाकण होते. सकाळी डेकवर कुणालाही वास आला नाही, कारण डिझेलचा आणि मासळीचा दर्प त्याहून उग्र होता. एका जुन्या खलाशाने सवयीने खणाची फळी उचलली, खाली वाकला आणि ओरडला, तेव्हा उलगडा झाला. त्यांनी एकही स्विच न लावता सगळी झाकणे उघडली, प्लास्टिकच्या बादल्यांनी खणातली हवा कितीतरी वेळ उपसून बाहेर ओतली, आणि वारा सुटेपर्यंत सगळे किनाऱ्यावर येऊन थांबले. उघडी बोट म्हणजे उघडा तळ नव्हे.

गॅसला वास यावा म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळलेले असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण नाक त्या वासाला काही मिनिटांत सरावते, आणि झोपलेल्या माणसाला तर वास जागे करीलच असे नाही. म्हणून नाकावर भिस्त ठेवू नये. बॅटरीवर चालणारा गॅस-सूचक मिळतो. तो छताला न लावता केबिनच्या जमिनीपासून वीतभर उंचीवर, पण तळातले पाणी पोहोचणार नाही अशा जागी लावावा.

शिडवाला
मी मांडव्याजवळ शिडाची छोटी बोट ठेवतो. शेगडीबद्दल दोन गोष्टी सांगतो.

पहिली, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारी सोय प्रत्येक बर्नरला असलीच पाहिजे. बर्नरच्या कडेला एक बारीक दांडी ज्योतीत राहील अशी बसवलेली असते, तिला थर्मोकपल म्हणतात. ती तापली की काही मिलीव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर एक छोटा विद्युतचुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. वाऱ्याच्या झोताने किंवा भात उतू जाऊन ज्योत विझली की दांडी थंड होते आणि मिनिटभराच्या आत व्हॉल्व्ह मिटतो. अशी शेगडी ओळखण्याची खूण म्हणजे पेटवताना बटण दाबून काही सेकंद तसेच धरावे लागते. बाजारातल्या बहुतेक साध्या शेगड्यांत ही सोय नसते. ओट्यात बसवायच्या काही हॉबमध्ये आणि बोटींसाठी किंवा फिरत्या घरांसाठी बनवलेल्या शेगड्यांत असते. दुकानदाराला तोंडी विचारून थांबू नका. शेगडी पेटवा, फुंकर मारून विझवा आणि व्हॉल्व्ह मिटल्याचा बारीक टक् असा आवाज येतो का ते ऐका.

दुसरी गोष्ट झुलत्या बैठकीची. शिडाची बोट तासन् तास एका अंगावर कललेली असते, म्हणून आमच्या शेगड्या दोन खिळींवर टांगलेल्या असतात आणि बोट कलली तरी त्या सपाट राहतात. ही बैठक घेतलीत तर डोळे मिटून रांधता येते.

आगोट
शिडवाला, पहिल्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. दुसऱ्या मुद्द्यावर मतभेद आहे. शिडाची बोट सावकाश कलते आणि कललेली राहते, तिथे झुलती बैठक उत्तम. २४ फुटी मोटरची होडी मात्र झटक्याने डावी-उजवी होते. तिचा डोलण्याचा वेग आणि शेगडीचा झुलण्याचा वेग जुळला तर झोका वाढतच जातो. शिवाय शेगडी हलकी आणि वर पाच लिटरचा भरलेला कुकर असेल, तर भार खिळींच्या वर जातो आणि बैठक उलटी फिरू शकते. अशा होडीवर नाखवांची पक्की चौकट आणि उंच सळ्या हेच बरे. आणि होडी जोरात डोलत असताना रांधूच नये. नांगर टाकल्यावर चूल पेटवावी.

शिडवाला
नांगरावरच रांधायचे असेल तर मी माझा आग्रह मागे घेतो. मात्र सळ्यांबरोबर भांड्याच्या मापाप्रमाणे सरकवता येणारे दोन आकडेही हवेत. सळी भांडे खाली पडू देत नाही, पण आकडा ते बर्नरच्या मधोमध धरतो.

कातळशिल्प
रॉकेलचा स्टोव्ह का नको? त्यात गॅस साचण्याचा प्रश्नच येत नाही.

मतलई
कातळशिल्प, मुद्दा योग्य आहे. सांडलेले रॉकेल गॅससारखे आपोआप वायू होऊन खण भरत नाही. पण पंपाचा स्टोव्ह आधी स्पिरिटने तापवावा लागतो, आणि तो पुरेसा तापला नसताना पंप मारला की न जळलेले रॉकेल पेट घेऊन भडका उडतो. बुटक्या केबिनमध्ये छत हाताच्या अंतरावर असते आणि ते फायबरचे असते. वातीचा स्टोव्ह सोपा, पण त्याची काजळी आणि वास बंद जागेत सोसत नाही. रेशनवरचे रॉकेलही आता कित्येक गावांत मिळेनासे झाले आहे.

स्पिरिटच्या शेगडीचाही विचार होऊ शकतो, कारण स्पिरिट पाण्यात मिसळते आणि त्याची लहान आग भरपूर पाण्याने विझते. अडचण अशी की दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही आणि आंचही मंद असते. शेगडी चालू आहे हे न कळता कुणी वरून स्पिरिट ओतले, तर बाटलीच पेटते.

देवगडची खाडी
मग इंडक्शन घ्या, सगळाच प्रश्न मिटेल.

आगोट
मिटत नाही, दुसरीकडे सरकतो. १२०० वॉटची इंडक्शन शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत चालवली, तर नासाडी धरून सुमारे ११५ अँपिअर प्रवाह लागतो. वीस मिनिटांच्या स्वयंपाकाला ३८-४० अँपिअर-तास खर्ची पडतात. त्यासाठी स्वतंत्र मोठी बॅटरी, बोटाएवढ्या जाड तारा आणि फ्यूज हवा, आणि इंजिन चालू करण्याच्या बॅटरीला तर हातही लावता कामा नये. खाऱ्या हवेत ही जोडणी नीट सांभाळणारा कुणी असेल तर जरूर करावी. फक्त चहासाठी मला ती जड वाटते.

फायबरमिस्त्री
मी होड्यांचे फायबरचे काम करतो. शेगडीवर सगळ्यांनी भरपूर लिहिले आहे, मी सिलिंडरच्या जागेविषयी लिहितो, कारण गिऱ्हाईक याच कामाचे पैसे वाचवायला बघते.

सिलिंडरला स्वतंत्र पेटी करा. पेटी होडीच्या मागच्या टोकाला, उघड्या डेकवर, केबिनच्या दारापासून आणि इंजिनाच्या हवेच्या झरोक्यापासून जमेल तितकी दूर असावी. तिच्या तळाला, बाजूंना आणि सांध्यांना फायबर असे मारा की आतून होडीत जायला सुईएवढीही वाट राहणार नाही. झाकण फक्त वरून उघडणारे ठेवा. पेटीच्या तळातल्या सर्वांत खोल जागी भोक पाडून तिथून नळी काढा आणि ती थेट होडीच्या बाहेर, पाण्याच्या रेषेच्या वर सोडा. लहान बोटींवरील एलपीजी जोडणीसाठी आयएसओ १०२३९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात या नळीचा आतला व्यास किमान १९ मिलिमीटर सांगितला आहे. मी एक इंची टाकतो, कारण १९ मिलिमीटरच्या नळीत कोळ्याचे जाळे किंवा दोराचा तुकडा अडकायला वेळ लागत नाही. नळी सतत उतरती हवी. मध्ये झोळ पडला की त्यात पाणी साचते, आणि साचलेले पाणी गॅसची वाट बंद करते. बाहेरचे तोंड कुठल्याही खिडकीपासून किंवा झरोक्यापासून अर्धा मीटर तरी लांब ठेवा.

पेटीत सिलिंडर आणि रेग्युलेटर सोडून दुसरे काहीही ठेवायचे नाही. लोक तिथे पेट्रोलचा कॅन, नांगराची साखळी, ओले दोर कोंबतात. साखळीने व्हॉल्व्ह तुटू शकतो आणि दोराने तळाचे भोक बुजते.

वाशिष्ठीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. शेगडी विकत घेण्याच्या प्रश्नातून एवढे निघेल असे वाटले नव्हते. आता दोन शंका उरतात. सिलिंडर किती किलोचा घ्यावा? आणि सहलीच्या डब्याची शेगडी पूर्णच बाद समजावी का? आमचा मुक्काम एका रात्रीपेक्षा जास्त क्वचितच असतो.

सुरंगी
आम्ही नवरा-बायको मालवणला होडी चालवतो आणि मुक्कामाच्या वेळी रांधण्याचे काम माझ्याकडे असते, म्हणून सिलिंडराच्या प्रश्नावर अनुभवाने लिहिते. पाच किलोचा पुरेसा आहे. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरचा विचार सोडून द्यावा. तो ओल्या डेकवर एकट्याने उचलता येत नाही, आणि घरगुती नोंदणीवरचा सिलिंडर घराच्या चुलीसाठीच असतो. पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून, पत्त्याच्या पुराव्याशिवाय विकत मिळतो. इंडियन ऑइलने त्याला छोटू हे नाव दिले आहे. एका बर्नरला मोठ्या आंचेवर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे पाच किलोत तीसेक तास ज्योत जळते. तिघांच्या चहा-भाताला ते पुष्कळ झाले. मोठ्या सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये गॅस भरून देणारे लोक बंदरावर भेटतात, त्यांच्याकडे अजिबात जाऊ नये. त्यांच्याकडे किती भरला याचे माप नसते, आणि गच्च भरलेला सिलिंडर उन्हात तापला की आतल्या द्रवाला फुगायला जागा उरत नाही.

सिलिंडर घेताना त्याच्या गळ्याजवळच्या पट्टीवर चाचणीची मुदत बघावी. ए, बी, सी, डी ही वर्षाच्या चार तिमाहींची अक्षरे आणि पुढे वर्षाचे आकडे असतात. मुदत उलटली असेल तर तो घेऊ नये. बुडाचे कडेही चाचपून बघावे, कारण ओल्या डेकवर गंज तिथूनच चढतो. आम्ही खाली रबराची चटई घालतो.

आता रांधण्याविषयी. होडीवर कुकर हेच सर्वांत सुरक्षित भांडे आहे, कारण झाकण लागलेले असते आणि उलटला तरी उकळते कालवण अंगावर येत नाही. तो अर्ध्याहून जास्त भरू नये. तळण मी होडीवर करीतच नाही. मासळी मीठ-मसाला लावून तव्यावर चमचाभर तेलात भाजते, आणि तीही नांगरावर. चुलीपुढे उभे राहताना उघड्या पायांवर राहू नये, जाड कापडाची पूर्ण लांबीची विजार घालावी. सिंथेटिक कपडा भाजल्यावर कातडीला चिकटतो.

बंद करण्याची रीतही सांगते. आधी सिलिंडरकडचा रेग्युलेटर बंद करायचा, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची, आणि मग शेगडीचे बटण फिरवायचे. त्यामुळे रात्री नळीत गॅस उरत नाही. हे काम आमच्याकडे एकाच माणसाचे असते. दोघांवर सोपवले की दोघांनाही दुसऱ्याने केले असे वाटते.

शिडवाला
डब्याच्या शेगडीबद्दल : एका रात्रीसाठी, उघड्या डेकवर, नांगरावर असताना वापरायला ती बाद नाही. परंतु तीन अटी पाळाव्यात. एक, भांडे रुंद नसावे. मोठा टोप डब्याच्या खणावर पसरला की खालची उष्णता परतून डब्यावर पडते, डब्यातला दाब वाढतो आणि डबा फुटू शकतो. दोन, वारा अडवण्यासाठी शेगडीला चारही बाजूंनी पत्रा लावू नये, त्यानेही तेच होते. तीन, स्वयंपाक झाला की डबा काढून घ्यावा. काढलेला डबा, रिकामा समजलेलासुद्धा, केबिनमध्ये न नेता बाहेर उतरती वाट असलेल्या पेटीतच ठेवावा. हे डबे पातळ पत्र्याचे असतात आणि खाऱ्या हवेत त्यांच्या कडांना फार लवकर गंज धरतो. म्हणून एका हंगामातले डबे पुढच्या हंगामात नेऊ नयेत.

बंदरावरचा दिवा
नळी कोणती वापरावी?

फायबरमिस्त्री
आयएसआय चिन्हाची, आत तारांची वीण असलेली नारिंगी सुरक्षा नळी. तिच्यावर वर्ष छापलेले असते. घरात ती पाच वर्षे चालते असे धरतात, समुद्रावर मी त्याच्या निम्म्यातच बदलतो. नळी शक्य तितकी आखूड ठेवावी. पेटीच्या भिंतीतून जिथे बाहेर येते तिथे रबरी कडे घालून फट सीलंटने भरावी, नाहीतर धार लागून नळी कापते आणि पेटी बंदिस्त करण्याचा उपयोगच राहत नाही. काही जण घरच्यासारखी तांब्याची नळी फिरवतात. इंजिनाच्या थरथरीने तांबे कडक होत जाते आणि सांध्याजवळ चिरते. लांब अंतरासाठी तांबे वापरायचेच असेल तर ते जागोजागी बांधून घ्यावे.

शेगडीचे अंग स्टीलचे आहे एवढ्यावर भुलू नका. खाऱ्या पाण्यात ३१६ क्रमांकाचे स्टील टिकते, कारण त्यात मॉलिब्डेनम असते. ३०४ ला काही महिन्यांत तांबूस ठिपके येतात. बर्नर पितळेचा घ्या, आणि आपोआप पेटवणाऱ्या बटणावर विसंबू नका. त्याची ठिणगी दमट हवेत पहिल्यांदा बंद पडते. घट्ट झाकणाच्या डबीत लायटर आणि काडेपेटी असू द्या.

मतलई
एका गोष्टीचा उल्लेख अजून कुणी केला नाही, तो करतो. पावसाची सर आली की माणसे शेगडी आत घेतात, दार लावतात आणि थंडी वाजते म्हणून स्वयंपाक झाल्यावरही ती चालूच ठेवतात. बंद केबिनमध्ये प्राणवायू कमी पडला की ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जवळजवळ हवेएवढ्याच वजनाचा असल्याने सगळीकडे मिसळतो. डोके दुखणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची लक्षणे बोट लागल्यासारखीच वाटतात, म्हणून ती कुणी मनावर घेत नाही. शेगडी ऊब घेण्यासाठी कधीही पेटवू नये. रांधताना एक झरोका खाली आणि एक वर उघडा ठेवावा.

आगोट
अगदी बरोबर. आगीचेही लिहून ठेवतो. एबीसी पावडरचा छोटा अग्निशामक शेगडीच्या वर न टांगता केबिनच्या दाराशी टांगावा, कारण पेटलेल्या शेगडीवरून हात घालून तो काढता येत नाही. त्याच कारणाने शेगडीही अशा जागी नसावी की बाहेर पडायला तिच्यावरून जावे लागेल. तव्यातले तेल पेटले तर आग विझवण्याचे कांबळे किंवा ओला पिळलेला जाड टॉवेल वरून झाकावा, पाणी मारू नये. गळणारा गॅस पेटला असेल तर आधी सिलिंडर बंद करावा. गॅस चालू ठेवून नुसती ज्योत विझवली, तर न जळलेला गॅस तळात उतरतो आणि पुढचा धोका पहिल्याहून मोठा होतो. यासाठीच सिलिंडरची पेटी शेगडीपासून दूर आणि हाताला लागेल अशी हवी. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये असू द्यावा.

सकाळी इंजिनाला हात लावण्याआधी फळ्या उचलून खणाला वारा लागू द्यावा, वाकून वास घ्यावा आणि मगच किल्ली फिरवावी. सांधे महिन्यातून एकदा साबणाच्या फेसाने तपासावेत. काडी पेटवून तपासणारी माणसे अजूनही आहेत, त्यांना कुणीतरी थांबवायला हवे.

नाखवा हर्णै
आगोट यांनी सांगितलेला मासळीच्या खणाचा प्रसंग वाचून मी आज आमच्या बोटीवर जाऊन बघितले. आमच्याही सिलिंडरच्या पायाशी बर्फाच्या खणाचे झाकण आहे. साधी शेगडी बदलण्याची गरज मला अजूनही वाटत नाही, कारण आमचा स्वयंपाकी ज्योतीसमोरून हलत नाही. सिलिंडर मात्र हलवणार आहे. केबिनच्या छपरावर बांधला तर चालेल का? तिथे वारा भरपूर असतो.

फायबरमिस्त्री
नाखवा, छपरावर ठेवलात तर गळलेला गॅस छपराच्या कडेवरून खाली येतो आणि खाली केबिनची खिडकी उघडी असली तर सरळ आत शिरतो. शिवाय वजन वर जाते आणि दुपारचे ऊन थेट सिलिंडरवर पडते. मागच्या कठड्याला बाहेरच्या बाजूने लोखंडी पिंजरा करून त्यात उभा ठेवा, म्हणजे खाली नुसते पाणी राहील. वरून सावलीला कॅनव्हास टाका. शेगडी तीच ठेवणार असाल तर निदान स्वयंपाक्याला हाक मारून दुसऱ्या कामाला लावू नका.

नाखवा हर्णै
पिंजऱ्याचे पटले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असते, तेव्हा करून घेतो. तोपर्यंत सिलिंडर दुसऱ्या बाजूला, खणापासून लांब बांधतो.

वाशिष्ठीकाठ
आमचे असे ठरले आहे : एका बर्नरची, ज्योत विझताच गॅस बंद करणारी स्टीलची शेगडी, पक्क्या चौकटीत, उंच सळ्या आणि दोन आकड्यांसह. ती केबिनच्या आत न ठेवता दाराबाहेर, डेकवर, छपराच्या पुढे आलेल्या आडोशाखाली बसवणार. पाच किलोचा सिलिंडर मागच्या टोकाला फायबरच्या पेटीत, आणि केबिनमध्ये खाली गॅस-सूचक. दोन बर्नरचा मोह भावाला होता, पण सुरंगीताईंचे वाचून त्याने कुकरवर समाधान मानले. पेटीचे काम गावातल्या मिस्त्रीकडून करून घेतो. काम झाल्यावर ते बरोबर झाले आहे, हे आम्ही आमचे कसे तपासावे?

फायबरमिस्त्री
सिलिंडर आत ठेवण्याआधी पेटीत दोन तांबे पाणी ओता. ते सगळे नळीतून बाहेर पडले पाहिजे, पेटीच्या तळात थेंबभरही थांबता कामा नये, आणि डेकखालची फळी उचलून बघितली तर खाली ओल दिसता कामा नये. ही चाचणी होडी किनाऱ्यावर असताना करून भागत नाही. होडी पाण्यात असताना, डिझेलची टाकी भरून आणि तिघेही मागच्या बाजूला उभे राहून पुन्हा करा. मागचा भाग दबला की उतरती नळी उलटी चढती होते आणि बाहेरचे तोंड पाण्याखाली जाते, हे मी नव्या होड्यांवरही बघितले आहे. तसे झाले तर पेटी वीतभर उचलून घ्या, मिस्त्री कुरकुरला तरी ऐकू नका.